होमी भाभांचं १९३५चं गणित आणि विश्वाचा पहिला सेकंद

होमी भाभा म्हटलं की आपल्याला तीन गोष्टी आठवतात. ट्रॉम्बेचं बीएआरसी, भारताचा अणुकार्यक्रम आणि त्यांच्या विमान अपघाताबद्दल दरवर्षी फिरणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड.

पण इटली, जपान, चीन किंवा स्वित्झर्लंडमध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरवर काम केलेल्या कुणालाही भाभा हे नाव सांगा. त्यांना आधी अणुभट्टी आठवणार नाही, एक प्रकारची टक्कर आठवेल. तिचं नाव भाभा स्कॅटरिंग. अशा कोलायडरवर काम करणारे लोक या टकरींना नुसतं भाभा असंच म्हणतात आणि आज किती भाभा मिळाले, यावरून यंत्र कसं चाललंय ते ठरवतात.

हे गणित मांडलं तेव्हा भाभा पंचविशीत होते. जगात एकही कोलायडर नव्हता. पुढे याच गणिताच्या आधाराने शास्त्रज्ञांनी विश्वाच्या जन्मानंतर पहिल्या काही सेकंदांत काय घडलं, याची एक महत्त्वाची खातरजमा केली.

ते कसं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात मुंबईपासून करावी लागेल.

इंजिनिअरिंग की आवडीचा विषय?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात होमींचा जन्म झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी येणंजाणं लहानपणापासूनचं. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड्स होत्या. होमी चित्रंही काढायचे आणि हा नाद आयुष्यभर टिकला.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण झालं. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. घरच्यांचा प्लॅन सरळ होता. मुलाने इंजिनिअर व्हावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं.

आता यापुढची गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच घरांत घडते तीच आहे. मुलाचं मन इंजिनिअरिंगमध्ये रमेना. १९२८ मध्ये होमींनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की आपल्याला फिजिक्स करायचंय आणि कारखान्यातली मोठी नोकरी हे आपलं स्वप्न नाही.

वडिलांनी नकार दिला नाही, पण एक अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च मी करतो. १९३० मध्ये होमींनी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये गणिताच्या परीक्षेतही पहिला वर्ग आला.

ते इंजिनिअरिंग वाया गेलं नाही. पुढे संस्था उभारताना, इमारतींचे नकाशे तपासताना आणि यंत्रांवर निर्णय घेताना ते कामी आलं.

योग्य वेळी योग्य जागी

१९३२ साली फिजिक्ससाठी केंब्रिजसारखी दुसरी जागा नव्हती. रदरफोर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याच वर्षी चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. तिथेच कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेले प्रोटॉन वापरून अणूचं केंद्रक फोडलं. आजच्या अवाढव्य कोलायडरचा हा पूर्वज म्हणता येईल.

त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना कॉस्मिक किरणांत एक नवा कण सापडला. वजन इलेक्ट्रॉनइतकंच, पण विद्युतभार उलटा, म्हणजे धन. हा पॉझिट्रॉन. केंब्रिजमध्येच शिकवणाऱ्या पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून असा कण असायला हवा, हे आधीच बाहेर पडलं होतं. ते समीकरण खरं निघालं आणि प्रतिपदार्थ ही गोष्ट कागदावरून प्रत्यक्षात आली.

डिरॅक यांची व्याख्यानं ऐकत भाभा याच काळात घडत होते. १९३५ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांसमोर आले तर काय होईल?

भाभांनी नेमकं काय सांगितलं?

समजा एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन समोरासमोर आले. दोन शक्यता आहेत.

पहिली, ते एकमेकांना ओढतात, दोघांचाही रस्ता थोडा वळतो आणि दोघं आपापल्या वाटेने निघून जातात.

दुसरी, ते एकमेकांना भिडतात आणि दोघंही नष्ट होतात. उरते फक्त ऊर्जा. आणि त्या ऊर्जेतून पुन्हा एक नवा इलेक्ट्रॉन आणि एक नवा पॉझिट्रॉन जन्माला येतो.

आता गंमत बघा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसतं. आत एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन गेले, बाहेर एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन आले. जे बाहेर आले ते जुनेच की नवे, हे ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. क्वांटम सिद्धांताचा नियम असा, की फरक ओळखता येत नसेल तर दोन्ही शक्यता एकत्र धरूनच हिशोब करावा लागतो.

भाभांनी तो हिशोब केला. किती वेगाने आलेले कण, किती कोनात, किती वेळा वळतील, याचं सूत्र त्यांनी दिलं. १९३६ मध्ये हा पेपर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

त्यावेळी हा पॉझिट्रॉनच्या सिद्धांताची कसोटी घेणारा एक पेपर होता. यावर आधारलेलं मोजमापाचं यंत्र कधी बनेल, असं त्यावेळी कुणाच्या डोक्यातही नसेल.

आकाशातून येणारे कण

वेगवान कण हवे असतील तर त्या काळी मोठं यंत्र नव्हतं. निसर्गाचं मात्र होतं. अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे कॉस्मिक किरण. हे किरण कधीकधी एकट्याने न येता शेकडो कणांचा सडा घेऊन येतात, हे दिसलं होतं. का, हे कळत नव्हतं.

१९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याचं उत्तर दिलं. हाइटलर हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले शास्त्रज्ञ. दोघांनी मांडलेली कल्पना अशी. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना प्रकाशकण, म्हणजे फोटॉन बाहेर टाकतो. त्या फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. त्या दोघांतून आणखी फोटॉन, त्यातून आणखी जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत ऊर्जा संपेपर्यंत साखळी चालू राहते. अमेरिकेत कार्लसन आणि ओपनहायमर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच मांडलं.

या साखळीला कॅस्केड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. केंब्रिजमध्ये त्यांचं नाव झालं होतं, युरोपातल्या सगळ्या मोठ्या शास्त्रज्ञांशी ओळख होती. सगळं एका झटक्यात लांब गेलं.

बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते. तिथे भाभांना जागा मिळाली, कॉस्मिक किरणांचं संशोधन सुरू झालं. १९४१ मध्ये वयाच्या ३१व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपलं की परत जायचं, असा त्यांचा सुरुवातीचा विचार होता. पण हळूहळू तो बदलला. बाहेर जाऊन चांगलं काम करण्यापेक्षा तसं काम करता येईल अशी जागा इथेच का उभी करू नये? मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र पाठवून फिजिक्सची एक संस्था काढायचा प्रस्ताव ठेवला. अणुऊर्जेचा काळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, हा त्यातला मुद्दा होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा एक वर्षाहून अधिक काळ बाकी होता.

१ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. सुरुवात बंगळुरूत, मग त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. पुढे गेटवेजवळचा जुना यॉट क्लब आणि शेवटी कुलाब्यात समुद्रालगतची आजची इमारत. तिचं उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. आत एम. एफ. हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. प्रयोगशाळेत चित्रं हवीतच, हा भाभांचा आग्रह.

यानंतरचे भाभा आपल्याला माहीत आहेत. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र. १९५५ मध्ये जिनिव्हात झालेल्या अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्ष. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी.

याची एक किंमत होती. १९५०च्या दशकात भाभांचं स्वतःचं संशोधन जवळपास थांबलं. ज्या फिजिक्ससाठी त्यांनी वडिलांशी वाद घातला होता, तेच इतरांना करता यावं म्हणून त्यांनी स्वतःचा वेळ फायलींना दिला. त्यांनी केलेली निवड बरोबर की चूक, हे आज ठरवणं सोपं नाही. पण त्या निवडीतून काय आलं, ते दिसतं. टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणं लावली आणि १९६५ मध्ये तिथे वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ही एक होती.

माँ ब्लाँ

२४ जानेवारी १९६६. लालबहादूर शास्त्रींच्या निधनाला दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी होता. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण होते, कुणीही वाचलं नाही. भाभा ५६ वर्षांचे होते.

हा घातपात होता, असा दावा सोशल मीडियावर कायम फिरतो. चौकशीत निघालेला निष्कर्ष मात्र वेगळा आहे. विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं, जमिनीवरून आलेल्या संदेशाचा अर्थ वैमानिकाने वेगळा लावला आणि पर्वत ओलांडला असं समजून त्याने विमान खाली आणलं. १९५० मध्येही एअर इंडियाचं एक विमान याच पर्वतावर कोसळलं होतं. घातपाताचा ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

१९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं. मलबार हिलवरचा त्यांचा मेहरांगीर बंगला मात्र टिकला नाही. स्मारक करा, अशी मागणी होत असतानाही २०१४ मध्ये तो ३७२ कोटींना लिलावात गेला आणि नंतर पाडला गेला.

कोलायडरमध्ये भाभा कसे आले?

भाभा हयात असतानाच, १९६१ मध्ये इटलीतल्या फ्रास्काटी इथे पहिलं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र सुरू झालं. यात इलेक्ट्रॉन एका दिशेने, पॉझिट्रॉन उलट दिशेने फिरवायचे आणि समोरासमोर धडकवायचे.

याचा विश्वाच्या सुरुवातीशी संबंध काय? विश्व सुरुवातीला प्रचंड गरम होतं. गरम म्हणजे कण प्रचंड ऊर्जेने एकमेकांवर आदळत होते. आज तशी ऊर्जा आपल्या आसपास कुठे नाही. कोलायडर ती एका ठिपक्यापेक्षा लहान जागेत, क्षणभरासाठी तयार करतो. त्यात महास्फोट पुन्हा घडत नाही. त्यावेळी होत होत्या तशा टकरी मात्र एकेक करून घडवता येतात.

१९८९ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत लेप नावाचा कोलायडर सुरू झाला. जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर घेराचं बोगद्यातलं वर्तुळ. त्यातल्या टकरींची ऊर्जा म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर सेकंदाचा एक अब्जावा भागही उलटला नव्हता, तेव्हाच्या कणांची ऊर्जा.

इथे एक साधी अडचण येते. आपल्याला हवी ती घटना किती वेळा घडली, हे मोजता येतं. पण मुळात टकरीच्या किती संधी होत्या, हे कसं कळणार? धावांचा आकडा आहे, पण चेंडू किती टाकले तेच माहीत नाही, तर स्ट्राइक रेट काढणार कसा?

इथे भाभा मदतीला येतात. अगदी लहान कोनात वळणारे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भरपूर असतात आणि ते किती असायला हवेत, हे भाभांच्या सूत्रावर उभ्या असलेल्या गणितातून अतिशय अचूक काढता येतं. म्हणून कणांच्या नळीला अगदी चिकटून छोटी उपकरणं बसवतात आणि भाभा मोजतात. मिळालेल्या आकड्याला सिद्धांताच्या आकड्याने भागलं, की एकूण संधी किती होत्या ते कळतं. पावसाळ्यात पर्जन्यमापकात साठलेल्या पाण्यावरून गावात किती पाऊस पडला हे सांगतात, तसंच हे. लेपवर हे मोजमाप हजारात एकपेक्षाही कमी चुकीने झालं.

न्यूट्रिनोचे प्रकार किती?

एवढी अचूकता कशासाठी? तर एका मोठ्या प्रश्नासाठी. न्यूट्रिनो किती प्रकारचे आहेत?

विश्वाच्या पहिल्या काही सेकंदांत न्यूट्रिनोंची प्रचंड गर्दी होती. त्यांचे प्रकार जितके जास्त, तितका विश्वाचा प्रसरणाचा वेग जास्त. वेग जास्त असेल, तर न्यूट्रॉनचं प्रोटॉनमध्ये रूपांतर होण्याची प्रक्रिया लवकर थांबते आणि न्यूट्रॉन जास्त शिल्लक राहतात. पहिल्या काही मिनिटांत हे न्यूट्रॉन हेलियममध्ये अडकतात. म्हणजे न्यूट्रिनोचे प्रकार वाढले, की हेलियम वाढतो.

आज विश्वातल्या साध्या पदार्थाच्या वजनात साधारण एक चतुर्थांश हेलियम आहे. त्यावरून १९७०च्या दशकातच खगोलशास्त्रज्ञ सांगत होते, की न्यूट्रिनोचे प्रकार फार असू शकत नाहीत. पण हा अंदाज आकाशाकडे बघून केलेला होता. जमिनीवर त्याची परीक्षा व्हायची होती.

ती लेपने घेतली. तिथे झेड नावाचे कण मोठ्या संख्येने तयार केले गेले. झेड कधीकधी न्यूट्रिनोंमध्ये फुटतो आणि ते उपकरणांना न दिसता निघून जातात. न्यूट्रिनोचा एक प्रकार जरी वाढला, तरी दिसणाऱ्या झेडची कमाल संख्या दहा टक्क्यांहून जास्त घटते. म्हणजे झेड किती दिसले आणि संधी किती होत्या, यांचं गुणोत्तर अचूक हवं. संधी किती, हे भाभांवरून कळत होतं.

उत्तर आलं २.९८४. म्हणजे तीन. साधे, हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे. आकाशातला हेलियम आणि जमिनीखालचा कोलायडर, दोघांची साक्ष जुळली. लेपच्या एलथ्री या प्रयोगात टीआयएफआरचे शास्त्रज्ञही होते.

तरी एक खडा राहिला होता. उत्तर तीनपेक्षा जरासं कमी होतं आणि हा फरक चुकीच्या मर्यादेच्या दुप्पट होता. लेप २००० मध्येच बंद झालं होतं. जवळपास दोन दशकांनी शास्त्रज्ञांनी जुना हिशोब पुन्हा उघडला, तेव्हा कळलं की टकरीच्या वेळी कणांचे दाट पुंजके भाभांचा कोन किंचित वळवत होते आणि त्यामुळे काही भाभा मोजणीतून निसटत होते. ही दुरुस्ती केली, भाभा स्कॅटरिंगचं गणित आणखी अचूक केलं आणि आकडा झाला २.९९६३. तीनशी आता छान जुळतो.

आजही

लेपच्या त्याच बोगद्यात आता एलएचसी आहे. तिथे प्रोटॉन धडकतात, त्यामुळे मोजमापासाठी भाभा स्कॅटरिंग वापरत नाहीत. पण भाभांचं दुसरं काम तिथे आहे. इलेक्ट्रॉन आणि फोटॉनची ऊर्जा मोजायला सीएमएस या उपकरणात ७५ हजारांहून जास्त स्फटिक बसवले आहेत. फोटॉन स्फटिकात शिरतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि तयार झालेल्या उजेडावरून ऊर्जा कळते. हा तोच १९३७चा कॅस्केड. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, त्यातला एक मुख्य पुरावा अशाच फोटॉनच्या जोड्यांचा होता. सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलोरीमीटरचा बाहेरचा भाग उभारण्यात टीआयएफआरचा मोठा वाटा आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माँ ब्लाँच्या हिमनदीत एक पिशवी सापडली. कांचनजंगा विमानातली, भारत सरकारच्या टपालाची. बर्फ वितळत जाईल तसं त्या विमानातलं काही ना काही अधूनमधून वर येत असतं.

हवा स्वच्छ असली की जिनिव्हाच्या परिसरातून माँ ब्लाँ दिसतो. त्याच परिसरात जमिनीखाली लेपच्या चारही प्रयोगांनी ११ वर्षं भाभा मोजले. आज जपानमधल्या त्सुकुबाच्या आणि चीनमधल्या बीजिंगच्या कोलायडरवर ती मोजणी चालू आहे.